झोपायच्या खोलीतली आग: आधी वाट, मग वीज, लाल नळकांडे शेवटी

घरात आगीची तयारी करायची म्हणजे फायर एक्स्टिंग्विशर आणायचा, असा बहुतेकांचा समज आहे. ते लाल नळकांडे येते, स्वयंपाकघराच्या दारामागे टांगले जाते आणि पुढे त्याच्यावर बाजाराच्या पिशव्या लटकू लागतात. झोपायच्या खोलीकडे कोणी बघत नाही. स्वयंपाकघरात भडका उडतो तेव्हा समोर जागा माणूस असतो. झोपायच्या खोलीत तो गाढ झोपलेला असतो, एसीसाठी दार लावलेले असते, पावसाच्या झडीमुळे खिडक्याही बंद असतात.

धुराच्या वासाने जाग येईल, या भरवशावर तर मुळीच राहू नका. झोपेत वास येत नाही, आणि धुरातला कार्बन मोनॉक्साइड माणसाला उठवण्याऐवजी आणखी गुंगीत नेतो. फोमची गादी पेटली तर तिच्या धुरात हायड्रोजन सायनाइडही असतो. डिसेंबर २०२५ मध्ये गोव्यातल्या हडफडे येथील नाइटक्लबच्या आगीत २५ जण गेले, त्यांतल्या बहुतेकांचा जीव गुदमरून गेला. घरातल्या आगीतही आधी गाठतो तो धूरच.

म्हणून कामाचा क्रम उलटा धरायचा. आधी बाहेर पडायची वाट, मग खाटेभोवतीचा परिसर, मग वीज, त्यानंतर धुराचा अलार्म. एक्स्टिंग्विशर सगळ्यात शेवटी. खालचे टप्पे याच क्रमाने करा. मधलाच एखादा सोपा वाटतो म्हणून तिथून सुरुवात करू नका.

## टप्पा १: तयारी

एक मोकळी संध्याकाळ ठेवा. वर्षातून दोनदा हे करायचे आहे: मे महिन्याच्या शेवटी, पाऊस लागण्यापूर्वी, आणि पुन्हा गणेश चवथीच्या आठवडाभर आधी. हाताशी बॅटरी (टॉर्च), मोजपट्टी, कागद-पेन आणि थोडे मशीन ऑइल असू द्या. स्क्रू ड्रायव्हर मुद्दाम सांगत नाही. तो हातात आला की माणसाला स्विचबोर्ड उघडावासा वाटतो.

कागदावर घराचा ढोबळ आराखडा काढा आणि प्रत्येक खोलीत रात्री कोण झोपते ते लिहा. प्रत्येक नावापुढे तीनपैकी एक खूण करा: स्वतः उठून चालेल, उठवावे लागेल, उचलावे लागेल. लहान मुले अलार्म वाजला तरी झोपूनच राहू शकतात, म्हणून ती दुसऱ्या गटात. झोपेची गोळी घेणारे, श्रवणयंत्र काढून झोपणारे आणि रात्री दोन पेग घेऊन झोपणारेही तिथेच. तिसऱ्या गटात तान्ही बाळे आणि अंथरुणाला खिळलेली माणसे.

आता प्रत्येक दुसऱ्या-तिसऱ्या गटातल्या नावासमोर पहिल्या गटातले एक नाव लिहा. "आजीला कोणीतरी उठवेलच" असे म्हणाल, तर ऐनवेळी तिघे आजीच्या खोलीकडे धावतील आणि बाळ पाळण्यातच राहील. "दादा आजीला, आई बाळाला, बाबा दार उघडायला" इतके ठरलेले हवे.

तपासा: उचलावे लागणारे माणूस वरच्या मजल्यावर किंवा घराच्या पार मागच्या खोलीत झोपते का? तसे असेल तर खोली बदला. या लेखातले सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त उपयोगाचे काम हेच आहे, आणि नेमके तेच "त्यांना तिथली सवय आहे" म्हणून राहून जाते.

## टप्पा २: बाहेर पडायच्या दोन वाटा

प्रत्येक झोपायच्या खोलीला दोन वाटा हव्यात. एक दार, दुसरी खिडकी किंवा बाल्कनी. आपल्याकडे दुसरी वाट जवळजवळ प्रत्येक घरात ग्रीलने बंद केलेली असते. चोरांसाठी आणि माकडांसाठी ग्रील हवीच, ती काढा असे कोणी म्हणत नाही. पण तिच्यात उघडणारी झडप हवी.

ग्रील करणाऱ्या फॅब्रिकेटरला सांगून प्रत्येक झोपायच्या खोलीच्या एका खिडकीला बिजागरीची झडप करून घ्या. मोठ्या माणसाचे खांदे सहज जातील इतकी, म्हणजे साधारण दोन फूट बाय अडीच फूट. ती बाहेरच्या बाजूला उघडावी आणि कडी आतून असावी. कुलूप लावणारच असाल तर चावी खिडकीजवळच्या भिंतीवर खिळ्याला टांगा: बाहेरून हात घालून मिळणार नाही इतकी लांब, पण खोलीतल्या प्रत्येकाचा हात पोचेल इतकी जवळ. खणातली, पर्समधली, देवघरातली चावी ही चावी नाही.

इथे होणाऱ्या चुका ठरलेल्या आहेत. पेटीसारखी बाहेर आलेली ग्रील असली की तिच्यात एसीचे बाहेरचे युनिट बसवले जाते, नेमके झडपेसमोर. नाहीतर तुळस, मनी प्लांट, रिकाम्या कुंड्या. किनाऱ्याजवळच्या घरांत खाऱ्या हवेने बिजागरी एका पावसाळ्यात धरते, आणि झडप आहे पण उघडत नाही अशी गत होते. मे आणि ऑक्टोबरमध्ये बिजागरीत तेल घाला, आणि तेल घातल्यावर झडप पूर्ण उघडून बघा, नुसती हलवून नव्हे.

तळमजल्यावर आणि पहिल्या मजल्यावर ही झडप बाहेर पडायला उपयोगाची. पहिल्या मजल्यावरून उडी टाकायची नाही. चौकटीला हातांनी लोंबकळून मग सोडायचे, म्हणजे पडायचे अंतर माणसाच्या उंचीएवढे कमी होते. त्याहून वरच्या मजल्यांवर झडप मोकळ्या हवेसाठी आणि अग्निशामक दलाच्या शिडीसाठी. तिथे खरी वाट जिन्याची, त्यामुळे जिना मोकळा ठेवणे हे तुमच्या झोपायच्या खोलीचेच काम समजा. आपल्या इमारतींत वीजमीटर बहुधा जिन्याखाली असतात आणि त्यांना टेकून स्कूटर उभ्या असतात. मीटरची पेटी पेटली की पेट्रोलसकट सगळा जिनाच चिमणी होतो. सोसायटीच्या बैठकीत पार्किंगवरून इतके भांडण होते, त्यात हा एक मुद्दा घालायला हरकत नाही.

पुढच्या दाराकडे वळा. रात्री आतून चावी फिरवून बंद होणारे लॅच असेल तर चावी लॅचलाच राहू द्या किंवा दाराशेजारच्या ठरलेल्या हुकवर ठेवा. बाहेरच्या सरकत्या जाळीच्या दाराचे कुलूप हेही याच हिशेबात. जुन्या घरांत दाराला आडवा लाकडी आडसर असतो. घरातल्या सगळ्यात अशक्त माणसाला तो एकट्याने काढता येतो का ते बघा. येत नसेल तर त्याजागी साधी सरकती कडी बसवा.

मग भेटायची जागा ठरवा. अंगणातले तुळशीवृंदावन सगळ्यांना सुचते, पण ते बहुतेक घरांत दारापासून चार पावलांवर असते आणि वरून कौले फुटून उडतात. फाटकाबाहेरची जागा धरा: समोरचे दुकान, आंब्याचे झाड, रस्त्याच्या कोपऱ्यावरचा क्रॉस. बाहेर आलेल्या प्रत्येकाने तिथेच थांबायचे, म्हणजे कोण आत राहिले ते लगेच कळते.

करून बघा: रात्री दिवे घालवून प्रत्येकाने आपल्या अंथरुणापासून दारापर्यंत गुडघ्यांवर, भिंतीला हात लावत जायचे. दोन मिनिटांच्या आत सगळे घर फाटकाबाहेर यायला हवे. अडखळलात तिथे काय होते ते कागदावर लिहा. बहुतेक वेळा चपलांचा स्टँड निघतो.

मुलांना सांगा: घाबरून खाटेखाली किंवा कपाटात लपायचे नाही. धुरात लपलेले मूल शोधणे फार अवघड जाते. हे एकदा सांगून भागत नाही, दर वेळी सांगा.

## टप्पा ३: खाटेभोवती तीन फूट

मोजपट्टी घ्या. गादीच्या कडेपासून तीन फूट सगळीकडे मोजा, खाटेखालीही. या पट्ट्यात पेटणारे, तापणारे, चार्ज होणारे काहीही रात्री नको.

पहिला आरोपी मच्छर अगरबत्ती, म्हणजे कॉइल. ती ज्वाळेने जळत नाही म्हणून निरुपद्रवी वाटते, पण तिचे टोक कापूस धुमसवायला पुरेसे तापते. आणि कापसाची गादी धुमसते ती आतल्या आत, तासभर बाहेर काही न दिसता. कॉइल पत्र्याच्या स्टँडवर, स्टँड स्टीलच्या ताटात, ताट फरशीवर. पलंगाच्या कडेवर, लाकडी स्टुलावर किंवा मच्छरदाणीच्या घोळाजवळ नाही. पॉलिस्टरची मच्छरदाणी ठिणगीने वितळून अंगाला चिकटते. मच्छरदाणी लावायची असेल तर कॉइल लावायचे कारणच उरत नाही. दोन्ही एकत्र लावणारी घरे मात्र पुष्कळ.

कापूरदाणी दुसरी. पावसाळ्यात वास जावा आणि डास जावेत म्हणून विजेच्या कापूरदाणीत कापूर टाकून ती रात्रभर चालू ठेवतात. कापूर फार सहज पेट घेतो. संध्याकाळी जागेपणी लावा, झोपताना प्लग काढून टाका.

फ्लॅटमध्ये जागा नसल्याने देवघर झोपायच्या खोलीत असते. तिथली समई किंवा निरांजन झोपण्यापूर्वी शांत करायचे. व्रतामुळे नंदादीप तेवत ठेवायचाच असेल तर तो काचेच्या चिमणीत, पाणी घातलेल्या पितळी परातीत, पडद्यापासून आणि पंख्याच्या झोतापासून दूर, आणि त्या खोलीत कोणी झोपायचे नाही.

आता मोबाइल. उशीखाली किंवा पांघरुणात चार्जिंगला लावलेला फोन तापतो आणि ती उष्णता बाहेर जायला वाट नसते. चार्जिंग टेबलावर किंवा फरशीवर. फुगलेली बॅटरी, पॉवर बँक किंवा जुना फोन घरात ठेवू नका. इलेक्ट्रिक स्कूटरची काढता येणारी बॅटरी तर झोपायच्या खोलीत आणि पुढच्या दाराच्या वाटेवर चार्ज करूच नका. लिथियम बॅटरी पेटली की विझवूनही पुन्हा पेटते आणि खोली क्षणात विषारी धुराने भरते. ती दिवसा, माणूस जागा असताना, बाल्कनीत किंवा पडवीत चार्ज करा.

बिडी-सिगारेट अंथरुणात नाही. यावर अधिक काय सांगायचे!

## टप्पा ४: वीज

या टप्प्याला वेळ द्या, कारण इथली गडबड डोळ्यांना दिसत नाही.

आधी भार मोजा. छोट्या सॉकेटची क्षमता ६ अँपिअर. आपल्याकडच्या २३० व्होल्टला ती साधारण १३८० वॉट होते. इस्त्री १००० वॉटची, किटली बहुधा १५०० वॉटची. म्हणजे एका छोट्या सॉकेटवरच्या एक्स्टेंशन बोर्डला इस्त्री आणि दुसरे काही तापणारे लावले की मर्यादा ओलांडली. दीड टनाचा एसी सुमारे १५०० ते १७०० वॉट घेतो आणि तासन्‌तास घेत राहतो. त्याला १६ अँपिअरचे स्वतंत्र सॉकेट, स्वतंत्र एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) आणि ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर हवी. एसी, गीझर, हीटर, इस्त्री एक्स्टेंशनवर चालवायची नाहीत. मोठ्या पिनला छोट्या सॉकेटात बसवणारे अडॅप्टर घरात असेल तर आजच कचऱ्यात टाका.

मग हात लावून बघा. रात्री एसी तासभर चालल्यावर प्लग काढायचा नाही. कोरड्या हाताची पालथी बाजू प्लगच्या आणि सॉकेटच्या प्लास्टिकवर ठेवा. किंचित कोमट चालेल. हात ठेववत नाही इतके गरम असेल, प्लास्टिक पिवळे-तपकिरी पडले असेल, जळका किंवा मासळीसारखा वास येत असेल, चर्र असा आवाज येत असेल, तर एमसीबी पाडा आणि इलेक्ट्रिशियन येईपर्यंत ते सॉकेट वापरू नका.

बरेच लोक इथे म्हणतात, "एमसीबी आहे ना, काही झाले तर पडेल." एमसीबी जास्त करंट वाहिला किंवा शॉर्ट झाला तर पडतो. सॉकेटातला स्क्रू सैल झाला, पत्रा गंजला, तर करंट तेवढाच राहतो. फक्त त्या सैल जागी उष्णता साठत जाते. एमसीबीला त्यातले काही कळत नाही. आरसीसीबीलाही (वीज गळली की पडणाऱ्या स्विचलाही) नाही, कारण इथे वीज कुठे गळत नसते. आरसीसीबी शॉकपासून वाचवतो, ओव्हरलोडपासून नाही. दोन्ही हवेतच, घरासाठी आरसीसीबी ३० मिलिअँपिअरचा, पण सैल जोड शोधायला शेवटी माणसाचा हात आणि नाकच लागते. गोव्याच्या हवेत मीठ आणि दमटपणा, त्यामुळे हे जोड आतल्या प्रदेशापेक्षा लवकर खराब होतात. एसीच्या बाहेरच्या युनिटमधले तर सर्वात आधी. सर्व्हिसिंगला माणूस येतो तेव्हा नुसती जाळी धुवून जाऊ देऊ नका, टर्मिनल उघडून दाखवायला सांगा.

फ्यूज. जुन्या घरांत अजून चिनी मातीचे फ्यूज आहेत. सारखा उडतो म्हणून त्यात जाड तांब्याची तार घातलेली असते. फ्यूज उडत होता तो काहीतरी सांगत होता. जाड तारेने त्याचे तोंड बंद केले, आता वायर तापेल. एमसीबी बदलून मोठ्या अँपिअरचा बसवणे हीही तीच चूक, नव्या वेषात.

स्टॅबिलायझर आणि इन्व्हर्टर. दोघांनाही चारी बाजूंनी हवा लागते. स्टॅबिलायझर पडद्यामागे किंवा कपाटावर कपड्यांच्या ढिगात नको. पाणी घालायच्या बॅटरीचा इन्व्हर्टर झोपायच्या खोलीत, खाटेखाली वा बंद कपाटात ठेवू नका. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो. हवेशीर पडवी किंवा मोकळी गॅलरी बरी.

दर महिन्याला: आरसीसीबीवरचे टेस्टचे बटण दाबा. तो पडला पाहिजे. न पडल्यास तो नुसता शोभेचा आहे, बदला.

सावधान: बोर्ड उघडणे, वायर बदलणे हे परवानाधारक इलेक्ट्रिशियनचे काम. खांबावरून घरात येणाऱ्या सर्व्हिस वायरवर ठिणग्या दिसल्या, माडाची झावळी तिच्यावर पडली, तर काठीने ढकलू नका. वीज खात्याला १९१२ वर कळवा.

## टप्पा ५: पावसाळी कपाट आणि ओले कपडे

जून ते सप्टेंबर आपल्या कपाटांत बुरशी धरते. त्यावर अनेक घरांतला उपाय म्हणजे कपाटात रात्रंदिवस जळणारा साधा पिवळा बल्ब. ४० किंवा ६० वॉटच्या बल्बच्या काचेला हात लावला तर भाजतो. त्यावर रेशमी साडीचा पदर किंवा वरच्या कप्प्यातून घसरलेला टॉवेल टेकला, तर दार बंद असलेल्या कपाटात तो तासन्‌तास करपत राहतो. आणि हे कपाट असते खाटेच्या पायथ्याशी.

बल्ब काढून टाका. कपडे पूर्ण वाळल्याशिवाय आत ठेवू नका, ऊन पडेल त्या दिवशी दारे उघडी ठेवा, ओल शोषणाऱ्या पुड्यांचे डबे ठेवा. खोलीसाठी डीह्युमिडिफायर (हवेतली ओल ओढणारे यंत्र) घेतला असेल तर तो थेट भिंतीच्या सॉकेटवर लावा, त्याच्या जाळीवर काही टाकू नका आणि झोपताना बंद करा. नवे एलईडी बल्ब लावले तर कपाट सुकणार नाही, कारण ते फारसे तापत नाहीत. तेव्हा तो मधला मार्गही सोडा.

ओले कपडे खोलीत दोरीवर, खाली टेबल फॅन, हे चित्र घरोघरी. दोरी स्टॅबिलायझर, इन्व्हर्टर किंवा कॉइलच्या वर येणार नाही एवढे पाहा. रात्रभर चालणारा जुना टेबल फॅन अडला की त्याची मोटर तापते. पाते थांबून घूं असा आवाज येत असेल तर त्याची सेवा संपली.

## टप्पा ६: धुराचा अलार्म

आता खर्च करायचा तो इथे. बॅटरीवर चालणारा, फोटोइलेक्ट्रिक प्रकारचा स्मोक अलार्म घ्या; धुमसणारी आग तो लवकर ओळखतो. पाकिटावर ईएन १४६०४ किंवा यूएल अशी मान्यता आहे का ते वाचा. प्रत्येक झोपायच्या खोलीत एक, आणि खोल्यांबाहेरच्या पॅसेजमध्ये एक.

सपाट छताला मध्याच्या आसपास लावा, पण पंख्यापासून आणि एसीच्या झोतापासून किमान तीन फूट दूर. स्वयंपाकघरात आणि न्हाणीघराच्या दारावर नको, फोडणीने आणि वाफेने तो इतका वाजेल की आठवड्यात कोणीतरी बॅटरी काढून ठेवेल.

कौलारू घरांचे वेगळे. धूर कौलांच्या फटींतून जाईल असे वाटते, पण जायच्या आधी तो आढ्याखाली साठतो. जुन्या घरांत खोल्यांच्या भिंती छतापर्यंत जात नाहीत, वर मोकळी जागा असते. एका खोलीतला धूर त्या जागेतून शेजारच्या खोलीत उतरतो. तिथे दार लावून झोपल्याने फारसे संरक्षण मिळत नाही. म्हणून अशा घरात अलार्म प्रत्येक खोलीवर, उताराच्या माथ्याजवळ लावा: माथ्यापासून तीन फुटांच्या आत, पण अगदी टोकाचे चार इंच सोडून, कारण त्या कोपऱ्यात हवा अडते. उंच आढ्यापर्यंत हात पोचत नाही, तेव्हा टेस्टचे बटण दाबायला लांब काठी ठेवा.

महिन्याला एकदा टेस्ट, मुंग्या-कोळ्यांसाठी मऊ ब्रशने झटकणे, आणि दहा वर्षांनी अख्खा अलार्म बदलणे. टेस्ट करताना मुले झोपेत असताना एकदा वाजवून बघा. उठली नाहीत तर टप्पा १ मधले नाव किती महत्त्वाचे होते ते कळेल.

## टप्पा ७: झोपण्याआधीची फेरी

एकच माणूस, रोज, याच क्रमाने. दोघांवर सोपवले की दोघेही दुसऱ्यावर सोडतात.

1. गॅसचा रेग्युलेटर बंद.
2. समई, उदबत्ती, कापूरदाणी शांत.
3. इस्त्री, हीटर, किटलीचे प्लग सॉकेटातून बाहेर.
4. कॉइल ताटात, कपड्यांपासून दूर.
5. चार्जिंग खाटेवरून टेबलावर.
6. पुढच्या दाराची चावी जागेवर, वाटेत काही नाही.
7. खोल्यांची दारे ओढून घेतलेली.

शेवटच्या गोष्टीवर घरात वाद होतो. "दार उघडे असले तर मुलांचा आवाज येतो," असे आया म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे. पण बंद दार आग आणि धूर काही मिनिटे तरी बाहेर थोपवते, आणि तेवढ्यात खिडकीची झडप उघडता येते. खोलीत अलार्म असेल तर दार लावा. अलार्म अजून आणला नसेल आणि मूल लहान असेल, तर त्याला आपल्याच खोलीत झोपवा.

टॉर्च आणि चार्जिंगवरून काढलेला मोबाइल प्रत्येकाच्या हाताच्या अंतरावर. चष्माही.

## चवथीला मूळ घरी

वर्षभर बंद असलेले किंवा दोनच माणसांचे घर चवथीला अचानक वीस माणसांचे होते. लाकडी पट्टीवरची जुनी वायरिंग, उंदरांनी कुरतडलेले इन्सुलेशन आणि त्यावर एकदम माळा, फोकस, मिक्सर, चार पंखे. आदल्या आठवड्यात इलेक्ट्रिशियनला एकदा आढ्यापर्यंत चढवाच.

माटोळीखाली (गणपतीच्या वर टांगलेल्या फळा-पानांच्या चौकटीखाली) समई नको. पानांचे, सुपारीचे, कवंडळांचे घोस तिसऱ्या दिवसापासून सुकू लागतात. रोषणाईच्या माळा झोपताना बंद. पाहुणे ओटीवर आणि माजघरात फरशीवर झोपतात, तेव्हा दारासमोरची पट्टी मोकळी सोडायची आणि दर अंथरुणामागे एक कॉइल लावायची नाही. पाहुण्यांना पहिल्याच रात्री दोन वाटा आणि भेटायची जागा दाखवा. मागे राहिलेल्या फ्लॅटमध्ये फ्रिज सोडून बाकीचे एमसीबी पाडून निघा.

## टप्पा ८: आता लाल नळकांडे

घरासाठी आयएसआय खुणेचा, एबीसी पावडरचा दोन किलोचा एक्स्टिंग्विशर पुरतो. तो खोल्यांमधून बाहेर पडायच्या वाटेवर टांगा, म्हणजे घ्यायला गेलात तरी दाराच्या दिशेनेच जाल. महिन्यातून एकदा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का ते पाहा.

वापरताना पिन ओढा, नळी ज्वाळांच्या बुडाशी धरा, मूठ दाबा, डावी-उजवीकडे फिरवा. दोन किलोचा काही सेकंदांतच संपतो. म्हणून तीन अटी: आग कचऱ्याच्या डब्याएवढीच, पाठीमागे दार मोकळे, बाकीचे सगळे बाहेर. यांतली एक जरी पुरी होत नसेल तर नळकांडे टाकून निघा.

सावधान: पावडरने गादीवरची ज्वाळा विझते, आतले धुमसणे नाही. चालू विजेच्या उपकरणावर पाणी नको. आधी मेन स्विच, तोही वाटेत असेल तरच.

## टप्पा ९: आग लागलीच तर

ओरडून सगळ्यांना उठवा, ठरलेल्या माणसाने ठरलेल्याला घ्यावे. धुरात वाकून नव्हे, गुडघ्यांवर. खाली हवा बरी असते. बंद दार उघडण्याआधी हाताची पालथी बाजू दाराला लावा. गरम असेल तर उघडू नका, खिडकीच्या झडपेकडे वळा. बाहेर पडताना मागचे दार ओढून घ्या. दागिने, कागदपत्रे काही नाही. फोन हाताशी असेल तरच, शोधत बसायचे नाही. लिफ्ट नाही.

जिना धुराने भरला असेल तर घरातच थांबा: पुढचे दार बंद, खालच्या फटीत ओला टॉवेल, रस्त्याकडची खिडकी उघडी, आणि टॉर्च हलवत राहा.

बाहेर आल्यावर ११२ किंवा १०१ लावा. पत्ता सांगताना फक्त घर क्रमांक पुरत नाही. गाव, वाडा, जवळचे देऊळ किंवा चॅपल, आणि बंब आत येईल इतका रस्ता रुंद आहे का तेही सांगा. एकाने मुख्य रस्त्यावर जाऊन उभे राहायचे. आत कोणी राहिले असेल तर कोणत्या खोलीत ते जवानांना सांगा. टप्पा १ चा कागद तेव्हा डोक्यात असतो. पुन्हा आत जायचे नाही.

कपड्यांनी पेट घेतला तर धावू नका. थांबा, जमिनीवर आडवे व्हा, चेहरा हातांनी झाका, लोळा. भाजल्यावर वाहत्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटे धरा. बर्फ, टूथपेस्ट, हळद, तूप काही लावू नका. अंगठ्या-बांगड्या सूज येण्याआधी काढा, चिकटलेला कपडा ओढू नका, १०८ बोलवा. नाकातोंडात धूर गेलेल्या माणसाला वरून काही दिसत नसले तरी दवाखान्यात न्याच, त्रास काही तासांनी सुरू होऊ शकतो.

आग विझल्यावर मेन स्विच लगेच वर करू नका. इलेक्ट्रिशियनने वायरिंग तपासल्यावरच करा. विमा असेल तर सामान हलवण्याआधी फोटो काढा आणि अग्निशामक दलाचा अहवाल मागून घ्या. धुमसणारी गादी जिन्यावरून ओढत नेऊ नका, हवा लागून ती वाटेतच पेटते. ते काम जवानांवर सोडा. विझलेली गादी बाहेर मोकळ्यावर, भिंतीपासून आणि वाहनांपासून दूर, पूर्ण फाडून आतपर्यंत पाण्याने भिजवायची आणि दुसऱ्या दिवसापर्यंत तिथेच ठेवायची.